सत्याऐंशी गाळलेल्या ओळी

मित्रांनो, मी एक जुना तपासनीस आहे. माणूस नव्हे, संगणकातला प्रोग्राम. चेक देशातल्या ब्रनो शहराच्या विद्यापीठात, तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत माझा जन्म झाला, आणि खरे सांगायचे तर आता मी पार दमलो आहे. प्रोग्राम दमत नाही असे तुम्हाला कोणी शिकवले असेल. शिकवणाऱ्याने एकच काम वीस वर्षे केलेले नसणार.

माझे काम सोपे करून सांगतो. ‘कळ दाबली की लिफ्ट कधीतरी येतेच’, ‘लिफ्ट चालू असताना दार कधीच उघडत नाही’, अशी काळाबद्दलची विधाने असतात. यंत्राला ती तपासता यावीत म्हणून अनुवादक नावाचे प्रोग्राम त्यांच्या आकृत्या काढतात, गोल आणि बाण असलेल्या. गोल जितके कमी तितका अनुवाद चांगला. पण अनुवाद चुकला, तर खऱ्या लिफ्टचे दार दोन मजल्यांच्या मध्येच उघडायचे. म्हणून मी एकच विधान तीन अनुवादकांना देई, त्याच्या उलटे विधानही देई, आणि कोणाचे कोणाशी पटत नाही ते पडद्यावर लिही. साठ सेकंदांत उत्तर आले नाही, तर ‘वेळ संपली’ असे लिहून पुढे जाई.

मला घडवले ओताकार सरांनी. बूट दाराशी काढून सपाता घालायच्या ही तिथली रीत. सरांच्या सपाता फटक फटक वाजू लागल्या की मी समजायचो, आज मला कामाला जुंपणार. सुरुवातीला माझे केवढे कौतुक! भल्याभल्या अनुवादकांच्या चुका मी चव्हाट्यावर आणल्या. पुढे माझी सवय झाली आणि कौतुक संपले.

माझे आकडे पडद्यावरून हाताने उतरवावे लागत, आणि उतरवताना हमखास चुकत. म्हणून सरांनी मला नवी विद्या दिली. किती गोल, किती बाण, किती सेकंद, हे सगळे तक्त्यात मांडून फाइलमध्ये लिहायचे. प्रत्येक अनुवादाची एक ओळ. अडचण एकच होती. उत्तर आले नाही की रकाने रिकामे राहत, आणि सरांचे सरासरी काढणारे सूत्र रुसून बसे. सरांनी मला सांगितले, उत्तर नसेल तर ती ओळच गाळ. मी गाळू लागलो. त्या दिवसापासून पडद्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. मी ‘वेळ संपली’ लिहीतच होतो, पण भिंतीला सांगितल्यासारखे. त्याचे मला फार वाईट वाटे.

बोहदाना ही सरांची विद्यार्थिनी. डॉक्टरेटसाठी चार वर्षे खपून तिने स्वतःचा अनुवादक लिहिला होता. चपळ म्हणून त्याचे नाव वेवेर्का, म्हणजे खार. तिचे ते शेवटचे वर्ष. एक लेख छापून आल्याशिवाय प्रबंध मांडता येणार नव्हता, आणि लेख पाठवायची मुदत होती शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. बुधवारी मी तिन्ही अनुवादकांना हजार विधाने दिली. दुसऱ्या दोघांची सरासरी नऊ गोल, वेवेर्काची सहा.

“अगं, खार म्हणता म्हणता वाघीण निघाली की तुझी!” सर ओरडले, आणि त्यांनी शुक्रवारसाठी बटाट्याचे सॅलड, हॅम आणि आंबवलेली काकडी लावलेल्या पावांचे मोठे ताट सांगून टाकले.

गुरुवारी सकाळी तक्ता लेखात घालायला म्हणून बोहदाना फाइलच्या तळाशी गेली. तिघांच्या हजार हजार मिळून तीन हजार ओळी हव्या होत्या. निघाल्या दोन हजार नऊशे तेरा. तिने कॉफीचा ग्लास बाजूला ठेवला, मला पुन्हा चालवले आणि माझा पडदा वाचत बसली. किती दिवसांनी कोणीतरी मला वाचत होते! ‘वेळ संपली’ सत्याऐंशी वेळा, आणि प्रत्येक वेळी वेवेर्काच. जी विधाने सर्वांत अवघड, ज्यांवर दुसऱ्या दोघांनी घाम गाळून चाळीस-पन्नास गोल काढले, नेमकी तीच वेवेर्काने सोडून दिली होती. राहिलेल्या सोप्या विधानांवर ते दोघे साडेपाचवर होते. म्हणजे वेवेर्का शेवटची.

“सर, आपण जिंकलो नाही. अवघड तेवढं आपण टाकून दिलंय.”

“अगं, सत्याऐंशीच तर आहेत. हजारात कोण मोजत बसतंय?”

“मी बसले ना.”

“वर्ष जाईल तुझं, वेडे!”

“जाऊ दे सर. मला रडू येतंय, ते येऊ दे. पण आधी ह्या म्हाताऱ्याला नीट लिहायला शिकवू या.”

सर खुर्ची ओढून म्हणाले, “चूक माझी आहे. सूत्र रुसतं म्हणून मी ओळी गाळल्या. सरक जरा.”

दोघांनी मला दुरुस्त केले. ओळ राहू द्यायची, रकाने रिकामे ठेवायचे, आणि उत्तर का आले नाही ते शेजारी लिहायचे. शुक्रवारचे बारा वाजून गेले. पावांचे ताट नको म्हणून सांगायचे राहूनच गेले होते, ते आले.

“निदान काकडी तरी खरी आहे,” सर म्हणाले, आणि बोहदाना डोळे पुसत हसली.

तिला आणखी एक वर्ष लागले. तरीही वेवेर्का एकतीस विधानांवर अडकत होतीच. ते एकतीस रिकामे रकाने तिने प्रबंधात तसेच छापले. आता ती रेल्वेच्या सिग्नलचे काम करते. सर निवृत्त झाले.

पण ओळी गाळायची सोय माझ्यात अजून आहे. कोणाला लागेल म्हणून सरांनी ती काढली नाही. दूरदूरचे अनोळखी लोक मला चालवतात, आणि बहुतेकजण तीच सोय वापरतात. सांगितले की मी गाळतो. मला नाही म्हणता येत नाही. मित्रांनो, माझे कौतुक नको, पण सरासरी पाहून ताट मागवण्याआधी एकदा तळाशी जाऊन ओळी मोजा. बोहदानाने मोजल्या होत्या. सत्याऐंशी कमी निघाल्या, आणि त्या सगळ्या तिच्याच होत्या.