झाडाचा कडक उपास

नवस बोलताना चलुआयने जरा घाईच केली होती. नवऱ्याने दारात रांबुतानचं, लिचीसारख्या लाल फळाचं, कलम लावलं, आणि त्याच दिवशी तिने विहारात जाऊन हात जोडले. या झाडाचा पहिला घोस भन्तेंच्या पात्रात पडेपर्यंत रांबुतान तोंडात घालणार नाही म्हणाली. कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरतं, तेवढी वर्षं काय, बघता बघता जातील, असा तिचा अंदाज. आता आठवं सरत आलं होतं. हंगामात गावात घरोघरी लाल ढीग लागत, पोरं केसाळ सालांनी एकमेकांना मारत, आणि चलुआय आपली पायरीवर बसून केळं सोलत असे.

झाड मात्र नुसतं माजलं होतं. फांद्या पत्र्यावर रेललेल्या, पानं तेल लावल्यासारखी चकचकीत, आणि फूल म्हणाल तर औषधालाही नाही. ओढ्यापलीकडची तिच्या नवऱ्याची, प्रयोंगची, बाग दर वर्षी लालेलाल होई. गावातले निम्मे लोक त्यालाच विचारून खत घालत. दारातल्या या एका झाडाने त्याची पार शोभा केली होती. शेजारची लमाय तर येता-जाता विचारायची, "काका, हे झाड फळाचं आहे, की पाहुण्यांना दाखवायचं?"

शेवटी प्रयोंगने जाहीर केलं की हे पाडायचं आणि इथे फणसासारखा काटेरी दुरियान लावायचा. दुरियानचं रोप ओट्यावर आणून ठेवलंसुद्धा. त्या रात्री चलुआयला जेवण गेलं नाही. झाडच गेलं तर पहिला घोस येणार कुठून? नवस तसाच गळ्यात राहणार, आणि रांबुतानच्या गावात राहून रांबुतान न खाता मरण येणार.

झाड पाडायच्या आधी त्याला एकदा विचारायचं, ही तिथली जुनी रीत. पौर्णिमेच्या दिवशी एकाने कुऱ्हाड घेऊन खाली उभं राहायचं, "फळणार की पाडू?" म्हणून दरडावायचं, आणि दुसऱ्याने फांदीवर बसून झाडाच्या वतीने उत्तर द्यायचं, "फळतो, मालक, मारू नका." झाड घाबरतं आणि पुढच्या बहरात लाजेकाजेने फुलतं. उत्तरच आलं नाही, तर मात्र कुऱ्हाड चालवावीच लागते. आजवर गावात झाडांच्या वतीने प्रयोंगचा मेहुणा बोलत असे. पौर्णिमा असो, अमावस्या असो, त्याची जीभ कधी अडली नव्हती. पण तो लेकीकडे गेला होता, आणि लाल मुंग्यांच्या भीतीने दुसरं कोणी चढायला तयार होईना. प्रयोंग म्हणाला, "तुझाच जीव आहे ना त्याच्यावर? मग तूच बस."

माघी पौर्णिमा होती. सकाळीच चलुआयने विहारात अष्टशील, म्हणजे दिवसभर पाळायचे आठ नियम, घेतलं होतं. उंच आसनावर बसायचं नाही हे त्यातलंच एक, म्हणून तिने भन्तेंना भीत भीत विचारलं की फांदी आसनात धरतात का. भन्तेंनी बराच वेळ छताकडे पाहिलं आणि म्हणाले, फांदीवर गादी नसेल तर हरकत नाही. तिचा जीव भांड्यात पडला. त्या आनंदात बाकीच्या शीलांचं काही विचारायचं तिला सुचलंच नाही.

दुपारी पांढऱ्या कपड्यांत, रिकाम्या पोटी, ती बांबूच्या शिडीवरून वर चढली. खाली चटया पसरून शेजारीपाजारी बसले होते. प्रयोंगने कुऱ्हाड उगारली आणि नाटकातल्या राजासारखा आवाज काढला.

"काय रे झाडा, यंदा फळणार की आडवं करू?"

चलुआयने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हे फळणार की नाही ते आपल्याला काय ठाऊक? आणि ठाऊक नसताना हो म्हणायचं, तेही शील घेतलेल्या दिवशी? एक मुंगी तिच्या कोपराला कडकडून चावली. तिला मारताही येईना. हळूच फुंकर घालून ती दुसऱ्या फांदीवर पाठवली.

प्रयोंगने पुन्हा विचारलं. पुन्हा शांतता.

"मावशी, हो म्हण की," लमाय खालून म्हणाली. "झाडाचं काय जातंय?"

"झाडाचं नाही गं, माझं शील जातंय."

प्रयोंग बुंध्याला चिकटून कुजबुजला, "अगं, फळतो म्हण. लोक बघताहेत."

"खोटं कसं बोलू?"

"मग बोलू नकोस. नुसती मान हलव."

"मान हलवून बोललेलं खोटं ते खोटं नाही वाटतं?"

प्रयोंगची पंचाईत झाली. सगळ्यांसमोर उगारलेली कुऱ्हाड, ती काय खांद्यावर टाकून घरात जायचं? त्याने बुंध्यावर एक घाव घातला. हळूच घातला, पण सालीचा ढलपा उडाला. चलुआयने फांदीला मिठी मारली. खोटं बोलता येत नाही हे खरं, पण झाडाच्या वतीने खरं बोलायला तर कोणी बंदी केलेली नाही. तिने घसा खाकरला.

"मालक, मी फळत नाही, कारण माझं पोट भरलेलं आहे. मासळी धुतलेलं पाणी, तांदळाचं धुवण, वर कोंबड्यांचं खत. तुमची बायको रोज आणून घालते."

कुऱ्हाड खाली आली. "रोज? या कोरड्या दिवसांतही?"

"एकही दिवस चुकवत नाही."

रांबुतानला माघात तीन-चार आठवडे तहान लागावी लागते. पानं लोंबायला लागली की झाडाला जिवाची काळजी लागते आणि ते फुलोऱ्याच्या मागे लागतं. नाहीतर खाऊन-पिऊन नुसती पानं काढत बसतं. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"तुला माहीत नव्हतं होय?" प्रयोंगने विचारलं.

"माहीत होतं. पण दारात उभा आहे त्याला उपाशी ठेवून आपण जेवायचं?"

पण झाडाचं अजून संपलं नव्हतं.

"शिवाय संध्याकाळी एक म्हातारा येतो. इकडेतिकडे बघतो, ओंजळभर गोणीतलं खत टाकतो, वर बादलीभर पाणी ओततो आणि पळ काढतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून स्पष्ट दिसतो."

चटयांवर हसण्याचा लोंढा आला. प्रयोंगचे कान लाल झाले. दिवसभर हे झाड पाडतो, पाडतो म्हणणारा तोच. आपला उपदेश गावाला आणि दारात हा प्रकार, आता काय तोंड दाखवायचं? तो मान वर न करताच म्हणाला, "तू हंगामभर केळं खात बसतेस, ते बघवत नाही मला." हळूच म्हणाला, पण लमायच्या कानातून आजवर काही सुटलेलं नाही.

मग प्रयोंगने कुऱ्हाड बाजूला ठेवली, रीतसर हात जोडले आणि झाडाला विचारलं, "बरं बाबा, उपास करशील?"

"करीन," चलुआयने ताबडतोब उत्तर दिलं. हे तिच्या हातातलं होतं.

त्या दिवसापासून घरात एकमेकांवर पहारा सुरू झाला. त्याने बादल्या लपवल्या, तिने खताची गोणी कोंडून ठेवली. पानं मलूल झाली तशी चलुआय झाडाच्या बाजूने जाताना तोंड फिरवू लागली. एकदा तिने नुसती चूळ भरून बाहेर टाकली, तर प्रयोंग धावत पाहायला आला की पाणी कुठवर गेलं. एका दुपारी चुकार ढग आला, तेव्हा दोघांनी प्लास्टिकचा कागद ओढत नेला आणि मुळांवर धरून उभे राहिले, स्वतः चिंब भिजत. लमाय कुंपणावरून म्हणाली, "एवढी वर्षं बुडवत होता, आता छत्री धरताय. झाडाला वेड लागेल."

तीन-चार आठवड्यांनी एका सकाळी चलुआय झाडाखाली थबकली. फांद्यांच्या शेंड्यांना हिरवट, मोहरीएवढ्या कळ्यांचे तुरे उभे राहिले होते. तिने ओरडाआरडा केला नाही. आत जाऊन नवऱ्याच्या सदऱ्याचं टोक धरलं आणि त्याला ओढत बाहेर आणलं. त्याने पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग ओट्यावरचं दुरियानचं रोप उचलून लमायच्या अंगणात ठेवून आला.

कळी दिसली की पाणी द्यायचं असतं, पण अगदी बेताने. उपास कोणी सोडवायचा यावर मात्र तंटा लागला. तो म्हणे, घाव मी घातला, पाणीही मीच घालणार. ती म्हणे, वचन मी दिलं होतं. दोघांनी एकाच बादलीची कडी धरली आणि ओढाताणीत निम्मं पाणी दोघांच्या पायांवर सांडलं. उरलेलं झाडाला मिळालं. पहिल्या दिवशी तेवढंच पुरे असतं.