बाभळीपाशी

अर्जुनराव बाभळीच्या बुंध्याआड सरकले आणि वाजू नये म्हणून चप्पल काढून हातात घेतली. दहिवरानं पाय गारठले. स्वतःच्याच शेताच्या वाटेवर चोरासारखं उभं राहायची पाळी आली, याचाही राग त्यांनी आपली घोडी पळवणाऱ्या धम्मानंदावरच काढला.

पावसाळाभर रेणापूरच्या काळ्या चिखलात घोडी पळवता येत नाही. तेवढे दिवस त्यांची हरणी याच बाभळीला बांधलेली असे. आता वाट वाळली, जत्रेतली शर्यत तोंडावर आली आणि धम्मानंदानं तिला पुन्हा पळवायला काढलं. रोज ती सुसाट येई आणि नेमकी बाभळीपाशी ढिली पडे. त्यात शर्यतीत उतरणाऱ्या हदगावच्या घोडेवाल्यासोबत धम्मानंद हॉटेलात चहा पिताना दिसलेला. पाणी कुठं मुरतंय हे सांगायला अर्जुनरावांना ज्योतिषी लागत नव्हता.

टापा ऐकू आल्या. धुक्यातून हरणी आली, बाभळीपाशी तिनं मान वळवली, धम्मानंद मागं कलला आणि तिची चाल मोडली.

चप्पल तिथंच टाकून अर्जुनराव अनवाणी वाटेत आले.

"उतर खाली."

"काका? तुम्ही हितं?"

"लगाम कामून आवळलास?"

"मी न्हाई आवळला. ती आपणच थांबायली. मलाबी कळंना झालंय."

"मुक्या जनावरावर ढकलू नको. हदगाववाल्यानं काय कबूल केलंय तुला?"

धम्मानंद उतरला. शिंगरू असताना हरणीला त्यानंच बाटलीनं दूध पाजलं होतं. तिच्या मानेवर त्यानं एकदा हात फिरवला आणि लगाम अर्जुनरावांच्या हाती दिला.

"बोलावलं होतं त्यानं कामाला. न्हाई म्हणलो मी. आता जातो."

तो बांधापलीकडच्या मोटारसायकलकडं निघाला. अर्जुनराव काही बोलणार तोच हरणीनं त्यांच्या बंडीच्या खिशात तोंड खुपसलं.

अर्जुनरावांनी चटकन खिसा हातानं झाकला. पावसाळाभर रोज सकाळी, कुणाला न सांगता, त्यांनी याच बाभळीखाली तिला गूळ चारला होता. आजही निघताना सवयीनं एक खडा खिशात टाकला होता.

तेवढ्यात कावेरीबाई किटली घेऊन आल्या. थंडीनं मोटारसायकल चालू होत नव्हती. धम्मानंद किकवर किक मारत होता. अर्जुनरावांनी बायकोच्या हातून कप घेतला आणि घोडीला ओढतच बांधापाशी गेले. चुकलं माझं, एवढंच म्हणायचं होतं.

"आधी च्या घे, धम्मा."

धम्मानंदानं वर पाहिलं नाही. आणखी एक किक मारली आणि गाडी चालू झाली.

"येतो, काकू," तो म्हणाला आणि हदगावच्या वाटेला लागला.

"असा कामून गेला ह्यो?" कावेरीबाईंनी विचारलं. "काय बोललाव तुम्ही त्याला?"

अर्जुनरावांच्या एका हातात कप होता, दुसऱ्यात लगाम. खिसा झाकायला हात उरला नव्हता. हरणीनं गुळाचा खडा ओढून काढला आणि कावेरीबाईंच्या देखत कडाकडा चावून खाल्ला.