मला भाग जात नाही

मी एक जुनी संख्या आहे, मित्रांनो. दोन हजार पाचशे एकवीस. मला कोणी घडवलं नाही, कोणी मोजायला बसण्याआधीपासून मी आहेच. मी मूळ संख्या आहे. एक आणि मी स्वतः, एवढं सोडून कशानंही मला भाग जात नाही. हा माझा स्वभाव आहे, त्याला मी काय करू?

कौतुक म्हणाल तर सगळं माझ्या शेजारणीचं, दोन हजार पाचशे वीसचं. दोनापासून दहापर्यंत कुणीही यावं आणि तिला भागावं, ती हूं की चूं करत नाही. गुरुजी फळ्यावर तिलाच घेतात. माझ्याशी गाठ पडली की बाकी एक, आणि सगळ्यांच्या कपाळाला आठ्या!

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात शिरूरजवळच्या एका मिशनच्या वाडीत जुना बंगला उतरवला. त्याची शाबूत कौलं निघाली ती नेमकी माझ्याएवढी. बंगल्यातले साहेब जाताना म्हणाले होते, "सगळ्यांना सारखी पुरतील." झालं! तेवढं वाक्य लोकांनी धरून ठेवलं.

वाडीत ख्रिस्ती घरं नऊ. कौलांचे नऊ वाटे घातले, एक कौल उरलं. मंडळीचे वडीलधारे अब्राहामआबा गंभीर झाले.

"सायबांनी मोजल्याबिगर शबूद दिला न्हाई. कौलं गेल्यात. दयाबाई, राखणीला तूच व्हतीस."

दयाबाई विधवा. आवाराची किल्ली तिच्याकडे, राहणं आवारातल्याच खोलीत. नऊ घरांत तिची ती खोलीही एक घर म्हणून धरलेली.

"आबा, देवाला साक्ष ठिवून सांगते, येक बी कौल हलिवलं न्हाई."

येशुदास म्हणाला, "हरिबा धनगराला बी धरा. उतरवाय त्याचा बी हात लागलाय." दहा वाटे घातले. एक उरलं. मग हरिबाला वगळलं, येशुदासाची आणि त्याच्या भावाची चूल एक धरली, आठ वाटे घातले. पुन्हा एक! अहो, तुम्ही कितीही वाटे घाला, मी अशीच वागणार! मी ओरडून सांगत होते, पण संख्येचं कोण ऐकतं? दर वेळी सगळे दयाबाईकडेच बघायचे.

शेवटी आबा म्हणाले, "किल्ली दे हिकडं."

तिनं किल्ली दिली. मग उरलेलं कौल उचललं आणि पायरीवर आपटलं. "घ्या! आता उरलं का येक?"

हरिबाला धरून पुन्हा दहा वाटे घातले. काहीच उरलं नाही! एक कौल फुटलं, मी गेले, शेजारीण आली आणि हिशेब चोख झाला. आबांचा चेहरा उजळला. "बगा, सायबांचा शबूद खरा ठरला!" म्हणाले आणि त्यांनी किल्ली दयाबाईपुढे धरली, जणू काही झालंच नव्हतं.

तिनं ती घेतली नाही. खोलीतून बोचकं आणलं आणि यवतला बहिणीकडे जायला ती एसटीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली.

मित्रांनो, वाटणीत काही उरलं तर आधी संख्येकडे बघा. माणसाच्या तोंडाकडे लगेच बघू नका. कौल फुटलं तर दुसरं बसवता येतं.

संध्याकाळपर्यंत सगळे आपापले वाटे घेऊन गेले. आवारात एक वाटा तसाच पडून राहिला. ती बाकी मात्र माझ्यामुळे उरली नव्हती.