कल्हई गेलेली तपेली

मी पितळी तपेली बोलतेय. सध्या माळ्यावर उपडी पडले आहे, म्हणून आवाज जरा घुमेल. सांभाळून घ्या.

मला घडवलं तेव्हा आतून कल्हई केली होती. ती पांढरी झिलई म्हणजे माझ्या पोटावरचं वस्त्रच. माझ्या मालकिणीला घरात सगळे आई म्हणतात. बाई देवभोळी, मायाळू आणि कामाला वाघ. मला दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. बाहेरून घासायची तशीच आतूनही, अगदी जीव ओतून. घासता घासता कल्हई निघून गेली आणि आतलं पितळ चमकू लागलं. "बघा, तोंड दिसतंय!" म्हणून ती शेजारणीला दाखवायची. मीही हुरळून जायचे.

मग तिची लेक लांबच्या प्रवासाहून आली. तिला गाडी लागली होती, मळमळत होतं, एवढंच. झोप काढली असती तरी भागलं असतं. पण आईचा जीव राहतोय थोडाच! तिनं लिंबाचं सरबत केलं आणि माझ्यात झाकून ठेवलं.

दुपारी लेक पेलाभर प्यायली आणि भडभडून ओकली.

"पित्त पडलं, बरं झालं. आता अजून घोटभर घे."

"नको ना गं आई. तोंडात किल्ली धरल्यासारखं लागतंय."

"आजारी माणसाच्या तोंडाला कुठली चव? घे, माझी शपथ आहे."

जितक्या ओकाऱ्या, तितकं सरबत. "पोरीचं लोणचं घालतेस की काय?" बाबा म्हणाले, पण त्यांचं ऐकतंय कोण! दुसऱ्या दिवशी लेकीचे डोळे खोल गेले. तिला बरं वाटेपर्यंत आईनं स्वतः गोड सोडलं, देवापुढे बसून राहिली. आणि इकडे ते आंबट माझं उघडं पितळ खात होतं. घोटाघोटानं मीच त्या पोरीच्या पोटात उतरत होते. ओरडून सांगू तरी कशी?

शेवटी डॉक्टरीणबाई आल्या. "सरबत कशात ठेवता?"

"पितळी तपेलीत. आतून लख्ख आहे हो!"

त्यांनी झाकण उचललं. "लख्ख आहे हेच वाईट. कल्हई उडालीय. यात आंबट ठेवलं की ते बाधतं. हे ओतून टाका. उकळून गार केलेल्या पाण्यात साखर-मीठ घालून चमच्याचमच्यानं द्या. खायची घाई नको. पाणीही पोटात ठरलं नाही, तर लगेच दवाखान्यात आणा."

पाणी ठरलं. लेक सावरली. आईनं तिला पोटाशी धरलं. "चुकलं गं माझं, पोरी." मग माझ्याकडे वळली. वाटलं, मलाही दोन शब्द मिळतील.

"एवढं जपलं हिला, आणि हिनंच घात केला!"

मी? जिच्या हातांनी मला उघडं केलं, तिनंच हे म्हणावं? इतकी वर्षं तिच्या हातांना मी देवाचे हात समजत होते.

तुमच्याकडे माझी एखादी बहीण असेल, तर तिच्या पोटात एकदा वाकून बघा. पिवळं दिसलं तर कल्हई करून घ्या, आणि आंबटाला दुसरं भांडं काढा. निदान तिच्यावर हा आळ नको.

आज लेकीनं शिडी लावून माझ्यावरची धूळ पुसली. "आई, हिला कल्हईला देऊ?"

 खालून आईचा आवाज आला, "आज नको."

आज नको म्हणाली. कधीच नको, असं नाही म्हणाली.