सुनेची मुदत

मुलाला रंगूनहून बोलावून घेतलं ते बकुळाने स्वतःच्या हट्टाने. म्हणून पुढे जे काही झालं, ते आपल्यामुळेच, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

तिचा नवरा रामजी गिरणीतल्या खोकल्याने गेला, आणि वरळीच्या बीडीडी चाळीतली ती एवढीशी खोली एकाएकी खायला उठली. एकुलता मुलगा कोंडीराम लढाईच्या वेळी फौजेबरोबर ब्रह्मदेशात गेला होता. लढाई संपली, पलटणी परत आल्या, पण हा पठ्ठ्या तिथल्याच बंदरात नोकरीला चिकटला आणि तिथल्याच मुलीशी लग्न करून बसला. बकुळाने वरच्या मजल्यावरच्या बाबुरावाकडून पत्र लिहवून घेतलं. "तुझा बाप गेला. मी एकटी हाय. बायकोला, पोरीला घेऊन ये." तिकडेही बाहेरच्या लोकांना नोकरीवरून कमी करायला लागलेच होते. कोंडीरामने बाडबिस्तरा बांधला.

ते आले तेव्हा बाबासाहेबांना जाऊन महिनाही उलटला नव्हता. बकुळाने दादरच्या चौपाटीवर त्या अफाट गर्दीत रडत रडतच दीक्षा घेतली होती. चाळीतल्या बायका रोज संध्याकाळी मधल्या पॅसेजमध्ये बसून वंदना पाठ करत. शब्द पालीतले, नवे, जिभेवर ठरत नसत. सून आली त्याच संध्याकाळी तीही येऊन बायकांच्या मागे बसली. ठेंगणी, गोरीपान, कमरेला लुंगीसारखं वस्त्र, केसांत कंगवा खोवलेला. तिचं नाव मा खिन. बायका एका ओळीवर अडल्या, तशी तिने डोळे मिटले आणि पुढची सगळी वंदना एका दमात म्हटली. उच्चार वेगळे होते, पण अडखळली नाही.

शेजारची कौसल्या म्हणाली, "अगो बाय, आपण काल बौद्ध झालो. ही तर पाळण्यात असल्यापासून बौद्ध!"

त्या दिवसापासून चाळीत तिला कुणी परकी म्हटलं नाही. परकी म्हणणारी माणसं कोटात, म्हणजे फोर्टात, परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या एका कचेरीत बसत होती.

तिथे मा खिनला जाऊन नाव लिहावं लागलं आणि तीन महिने राहण्याची परवानगी मिळाली. ते संपले, पुन्हा तीन महिने मिळाले. दर खेपेला कोंडीरामचा गोदीतला खाडा पडायचा. नवी नोकरी, नवा मुकादम. एका खाड्याला दहा बोल ऐकावे लागत. दर खेपेला तेच बाकडं, तोच कारकून, तेच प्रश्न. तिसऱ्या खेपेला बकुळा हट्टाने बरोबर गेली.

कारकून मराठीच होता, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेला. तो कोंडीरामला म्हणाला, "लग्नाचा दाखला आणलात?"

"साहेब, तिकडे दाखला नसतो. वडीलधारी माणसं जमली, आम्ही दोघं एका थाळीत जेवलो, सगळ्या गल्लीला कळलं. तिकडे तसंच असतं."

"जेवल्याने लग्न होतं?" कारकून हसला. शेजारच्या टेबलावरचाही हसला. "मग मी रोज खानावळीत जेवतो."

कोंडीराम खाली बघत राहिला. मा खिनला मराठी अजून तुटकच येत होती, पण हसण्याला भाषा लागत नाही. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या बकुळाने पाहिल्या.

"दाखला नाही म्हणजे लग्न नाही," कारकून म्हणाला. "लग्न नाही म्हणजे ही बाई तुमची कुणी नाही. आणि मग मुलगीसुद्धा तिकडचीच धरावी लागेल. ही शेवटची मुदत. ती संपायच्या आत दोघींनी देश सोडायचा."

बेबी आजीचा पदर धरून उभी होती. आठ वर्षांची पोर. सहा महिन्यांत मराठी शाळेत पाढे म्हणायला लागली होती. तिने विचारलं, "आजी, आपण कुठं जायचं?"

"कुठं नाय," बकुळा म्हणाली, आणि कारकुनाकडे वळली. "ओ साहेब, मी हिची सासू. मी सांगते ही माझी सून हाय. आणखी कुणी सांगायला पायजे?"

"बाई, सरकारी कामात सासवांना विचारत नाहीत." मग आवाज जरा खाली आणून तो कोंडीरामला म्हणाला, "एक करा. इथे रजिस्टर लग्न करा नव्याने. तिने अविवाहित म्हणून सही करायची. मग बघू काही होतं का."

घरी रात्रीचं जेवण झाल्यावर कोंडीराम म्हणाला, "करून टाकू. एक सही तर हाय. आपल्याला माहीत हाय ना आपण कोण ते?"

मा खिन भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी नाय लिहिणार."

"खिन, समजून घे…"

"अविवाहित लिहिलं तर बेबी कोण?" आता ती उभी राहिली. हाताला राख तशीच. "दहा वर्षं मी कोण? तुझी ठेवलेली? माझी आई, माझा बाप, सगळे त्या दिवशी जेवले, ते काय बघायला आले होते? मी जाईन रंगूनला. पण तसं नाय लिहिणार."

कोंडीरामने आईकडे पाहिलं. त्याला वाटलं, आई आपली बाजू घेईल. बकुळा म्हणाली, "ती बरोबर बोलते. चाळीतल्या वसंताचं लग्न परवा बुद्धाच्या फोटोसमोर झालं, भट नाय, सप्तपदी नाय. उद्या त्यालाबी कोणतरी म्हणंल, हे लग्नच नव्हे. आपली लग्नं हे लोक कधी मोजणार रे, कोंड्या? जिथं तिथं आपणच अविवाहित काय?"

दुसऱ्या दिवशी बाबुराव सगळ्या खोल्यांतून सांगत आला. शिवाजी पार्कवर संयुक्त महाराष्ट्राची सभा होती, चाळीतून सगळ्यांनी निघायचं होतं. बकुळा अशा एकाही सभेला चुकली नव्हती. गोळीबार झाला त्या दिवसांतसुद्धा ती गिरणीतल्या बायकांबरोबर रस्त्यावर होती. आज ती दारातून हललीसुद्धा नाही.

"काय बकुळाबाई, येताय ना? मुंबई आपली हाय हे त्यांना दाखवायचं."

"आपली हाय?" तिचा आवाज असा चढला की पॅसेजमधली दारं उघडली. "तीस वर्षं गिरणीत माझी हाडं झिजली. माझा नवरा कापसाने गेला. मुंबई कुणाची ते तुम्ही दिल्लीला विचारताय, आणि माझ्या सुनेनं माझ्या खोलीत राहायचं का नाय ते कोटातला एक पोरगा ठरवतो. आणि तो गुजराती नाय, मद्राशी नाय, आपलाच हाय! आपलाच, मराठी बोलणारा! आधी त्याला जाऊन सांग मुंबई माझी हाय म्हणून."

बाबुराव चपापला. त्याने हातातली पत्रकं खाली ठेवली आणि सगळी हकीकत विचारून घेतली. ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "लग्नाला हजर असलेला कुणी मुंबईत नाय? चांगला, इज्जतदार, ज्याचं तिथं ऐकून घेतील असा?"

कोंडीरामला तेव्हा नवलकरसाहेब आठवले.

श्यामकांत नवलकर त्याच रंगून बंदरात आगबोट कंपनीचे हेडक्लार्क होते. ठाकुरद्वाराजवळ त्यांच्या वाडवडिलांचं घर होतं. कोंडीरामच्या लग्नाच्या जेवणाला ते स्वतः आले होते, भात दुसऱ्यांदा मागून घेतला होता. दोन वर्षांमागे नोकरी संपवून ते गिरगावात परतले होते. रविवारी सगळे त्यांच्याकडे गेले.

नवलकरांनी ओळख दिली, बसायला सांगितलं. त्यांची बायको सुमती आतल्या दारात उभी होती, डोक्यावरून पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू. चहा आला तो यांच्यासाठी वेगळ्या कपांतून आला. बकुळाने ते पाहिलं आणि गिळलं. आज ते कामासाठी आले होते.

कोंडीरामने सगळं सांगितलं. नवलकर ऐकत होते तोवर ठीक होते. साक्षीची गोष्ट निघताच ते खिडकीबाहेर बघायला लागले.

"हे बघ कोंडीराम, मी यात पडणं बरं नव्हे. तिकडे कुणाचंही कुणाशी जमायचं. आपण त्याला लग्न म्हणत नाही. उगाच सरकारदरबारी खोटं कसं सांगू?"

"खोटं?" कोंडीराम म्हणाला. "साहेब, तुम्ही जेवलात!"

"जेवलो असेन. जेवणाला काय, कुठेही जातो माणूस."

तेव्हा मा खिन, जी इतका वेळ मान खाली घालून बसली होती, तिने वर पाहिलं आणि बर्मी भाषेत एक वाक्य विचारलं. अगदी हळू, आदराने, घरच्यांची खुशाली विचारावी तसं. नवलकरांच्या तोंडावरचा रंग उतरला. हातातली बशी त्यांनी खाली ठेवली. सुमतीने नवऱ्याकडे पाहिलं, मग मा खिनकडे, मग पुन्हा नवऱ्याकडे.

"चला," नवलकर म्हणाले. "मला बरं वाटत नाही."

रस्त्यावर आल्यावर बकुळाने विचारलं, "काय विचारलंस गो त्याला?"

"विचारलं, मा न्यो कशी हाय. मुलांची पत्रं येतात काय."

बकुळा फुटपाथवरच थांबली. "मुलं?"

"साहेबांची दोन. आमच्या गल्लीत राहतात." कोंडीरामने तोंड फिरवलं. त्यालाही ते ठाऊक होतं. साहेबाची गोष्ट म्हणून तो गप्प राहिला होता.

बकुळाच्या अंगाची लाही लाही झाली. परत फिरावं आणि त्या घरात शिरून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलावं, असं तिला वाटलं. पण दारातली ती सुमती डोळ्यांसमोर आली. तिने काय केलं होतं? आपलं घर वाचवायला तिचं मोडायचं, हे बकुळाच्याने होईना. ती तशीच चालत राहिली.

आणि मग चारपाच दिवसांनी सुमतीच चाळीत आली. एकटी. जिने चढून धापा टाकत दारात उभी राहिली. असल्या चाळीत ती जन्मात आली नसावी. खाली पाण्याच्या रांगेतल्या बायका मान वर करून बघत होत्या.

"तुमच्या सुनेने त्यांना काय विचारलं, ते मला सांगा," ती म्हणाली.

मा खिनने बकुळाकडे पाहिलं. बकुळा म्हणाली, "बाई, बसा. काय नाय, ओळखीपाळखीचं काहीतरी…"

"मला फसवू नका. एकाने फसवलं तेवढं पुरे. मी विचारायला आले आहे, तुम्ही चुगली करायला आला नाहीत. सांगा."

तेव्हा मा खिनने सांगितलं. मा न्यो शाळामास्तरांची मुलगी होती. तिच्याही लग्नाला गल्ली जेवली होती. जाताना साहेब म्हणाले होते, घर लावतो आणि बोलावतो. थोरला मुलगा रोज टपालवाल्याची वाट बघायचा.

सुमती भिंतीला टेकून बसली. कौसल्याने चहा आणला. घरातल्याच कपातला तो चहा ती सगळा प्यायली. मग म्हणाली, "ते तिकडे होते तेवढी वर्षं मी त्यांच्या आईबापांचं केलं. अंथरुणातलं सगळं केलं." पुढे बोलली ते रागाने, पण आवाज न चढवता. "तुमच्या सुनेचं लग्न खोटं ठरलं तर त्यांचं बरंच आहे. मग त्या मा न्योचंही खोटं ठरतं. मला फसवलं ते फसवलं. तिला तसं फसवू देणार नाही मी. कचेरीत कधी जायचं ते कळवा."

ठरल्या दिवशी नवलकर आले. शेजारी सुमती होती. बाबुरावाने चाळीतली माणसं आणली होती. ती जिन्यावर, व्हरांड्यात, जागा मिळेल तिथे उभी होती. घोषणा नाही, काही नाही, नुसती उभी. त्यामुळे असेल, आज कारकुनाने नव्हे, आतल्या मोठ्या साहेबाने बोलावलं.

"तुम्ही या दोघांच्या लग्नाला हजर होतात?"

"होतो," नवलकर बुटांकडे बघत म्हणाले.

"आणि अशा जेवणाला तिथे लग्न मानतात?"

नवलकर खिडकीकडे बघायला लागले. सुमती म्हणाली, "नीट सांगा त्यांना."

"मानतात," नवलकर म्हणाले. "तिथे त्यालाच लग्न म्हणतात. ते… खरं लग्न असतं."

सुमतीने मान हलवली नाही की डोळ्याला पदर लावला नाही. साहेबाने लिहून घेतलं, सही घेतली. मा खिनला एक वर्षाची मुदत मिळाली आणि नागरिक होण्यासाठी अर्ज करायला सांगण्यात आलं.

"आणि वर्षाने?" बकुळाने विचारलं.

"अर्जाचा निकाल लागला नसेल तर परत या."

"माझ्या सुनेला माझ्या घरात राहायला दर वर्षी तुमच्या दारात येऊ?"

साहेब चांगला माणूस असावा. त्याने फाइल मिटली आणि बकुळाला हात जोडले. बाहेर येताना बटणवाल्या कारकुनाने मान वर केली नाही.

परत यावं लागलंच. एकदा नव्हे, दोनदा. कधी फाइल वर गेलेली असे, कधी साहेब बदललेला असे आणि पहिल्यापासून सांगावं लागे, ते एका थाळीतलं जेवणसुद्धा. दर खेपेला बकुळा बरोबर जाई आणि दर खेपेला तेवढंच भांडे. लोक म्हणत, आता गोडीने घे, काम होईल. ती म्हणे, "गोडी कशाला? भीक मागते काय मी?"

सुमती गिरगावातच राहिली, नवऱ्याच्या घरात. पण रंगूनला मा न्योच्या घरी महिन्याच्या महिन्याला काहीतरी जाऊ लागलं, असं पुढे मा खिनला तिच्या भावाच्या पत्रातून कळलं. ते कुणी पाठवलं हे कुणी विचारलं नाही.

मा खिनला नागरिक करून घेतल्याचं पत्र आलं ते महाराष्ट्र झाला त्याच उन्हाळ्यात. वरळीपासून लालबागपर्यंत अजून पताका लोंबत होत्या. तिने कचेरीत उभं राहून शपथ घेतली, मराठीतून, आता अगदी स्वच्छ. चाळीत बातमी आधीच पोचली होती. बाबुराव जिन्यातच आडवा आला.

"बकुळाबाई, पेढे काढा! आज तुमची सून इथली झाली!"

"ती आली तेव्हाच इथली झाली," बकुळा म्हणाली. "साडेतीन वर्षं रडवून माझंच मला परत दिलं, त्याचे पेढे? वाटायचे असतील तर त्या कचेरीनं वाटावे."

बाबुराव हसला, मग त्याच्या लक्षात आलं की ती हसत नाहीये. तो बाजूला झाला. मा खिनने सासूच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघी वर गेल्या. नळाला पाणी यायची वेळ झाली होती.