डावं पान साहेबाचं

मी एक जुनी वही हाय, मित्रांनो. कोपरे दुमडलेत, पुठ्ठा मोडलाय, पन आतली अक्षरं अजून जागची हलली न्हाईत. पुसली असती तर बरं झालं असतं.

सोलापुरातल्या एका बायंडरानं मला शिवलं. लाल कापडाची पाठ, जाड कागद. सन एकोणतीसच्या सुमाराला भीमाशंकर नावाच्या कारकुनानं मला घेतलं. गावाबाहेरच्या तळ्याजवळ एका कारखान्याचं ऑफिस होतं, तितं तो कामाला. त्याला विंग्रजीच्या जोरावर वर चढायचं होतं. म्हणून साहेबाच्या तोंडचे शब्द तो माझ्यात टिपायचा.

डाव्या पानावर टाळायचे शब्द. 'पुट ऑफ' म्हंजी आजचं उद्यावर ढकलणं. 'होल्ड ऑफ' म्हंजी दम धरणं, आत्ताच काय करायचं न्हाई. 'ड्रॅग आऊट' म्हंजी तासाचं काम महिनाभर ओढत नेणं. 'फेंड ऑफ' म्हंजी अंगावर येणाऱ्याला लांबच अडवणं. उजव्या पानावर अडून राहायचे शब्द. 'होल्ड आऊट' म्हंजी हाल सोसून तग धरणं. 'डिग इन' म्हंजी पाय रोवून बसणं. 'स्टँड अप टू' म्हंजी मोठ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून उभं राहणं.

साहेब खूश. "भीमाशंकर, तुझं पत्र वाचून समोरच्याला कळतच नाही की आपण नाही म्हणालो!" मला लई अभिमान वाटला. येडीच होते मी.

दुपारच्या सुट्टीत हाच भीमाशंकर ऑफिससमोरच्या लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिवायचा. डावं पान ऑफिसात उघडायचं, उजवं लिंबाखाली. त्यात कुणाला काय वावगं वाटलं न्हाई. मलाबी न्हाई.

मग तो उन्हाळा आला. कारखान्यानं तळ्याला काटेरी तार मारली. मंद्रूपकडनं धुळा धनगर दोनशे मेंढरं घेऊन आला, संगट त्याची म्हातारी आई राजाबाई. दरसाल त्यांची मेंढरं ह्याच तळ्यावर प्यायची. अख्ख्या कळपाला पुरंल असं पुढचं पाणी दोन दिसांच्या वाटेवर, आन कोकरांच्यानं तेवढं चालवणार न्हवतं.

"अर्ज लिवा की, अण्णा," धुळा म्हणाला. "तारंतनं वाट द्या म्हणावं. दुसरं काय नको."

भीमाशंकरनं उजवं पान उघडलं आन झोकात अर्ज लिवला. आमी डिग इन करू, होल्ड आऊट करू. संध्याकाळी आत जाऊन डाव्या पानावरनं त्याच अर्जाला उत्तर लिवलं. विषय पुट ऑफ केलाय, तवर होल्ड ऑफ करा.

असं तीनदा झालं. मायलेकरं लांबच्या विहिरीतनं पाणी शेंदून जमेल तेवढ्यांना पाजत होती. तरी कोकरं पडाय लागली.

तिसरं उत्तर धुळाच्या हातात देऊन भीमाशंकर लगेच चौथा अर्ज लिवाय बसला. राजाबाईनं उत्तराचा कागद घेतला आन अर्ध्या अर्जाशेजारी धरला. तिला ओ का ठो कळत न्हवतं. पन दोनशे मेंढरांतलं कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं, हे ती कानाच्या वळणावरनं सांगायची.

"धुळ्या, हे बग. ह्या अक्षराची शेपटी डावीकडं मुरडलीया. हितंबी तशीच. एकाच मेंढीची दोन कोकरं हायत ही."

"आये, ते विंग्रजी हाय. सगळं सारखंच दिसतं."

"मेंढरंबी सारखीच दिसत्यात, ज्याला बघाय येत न्हाई त्याला." मग ती भीमाशंकरकडं वळली. "काय रं लेकरा, आमचा अर्जबी तूच लिवतो आन त्याला न्हाईबी तूच म्हणतो व्हय?"

भीमाशंकरनं टाक खाली ठेवला. "आज्जी, ती नोकरी हाय. वरनं सांगत्यात तसं लिवावं लागतं."

"आन हे काय?"

"ही... ही मदत."

"तुझ्या मदतीनं माझी अकरा कोकरं मेली की रं."

तिनं अर्धा अर्ज टराटरा फाडला. "ऊठ, धुळ्या."

भर उन्हात धुळानं कुऱ्हाडीनं तारेचा एक खांब पाडला. साहेबानं खिडकीतनं बघितलं आन ओरडला, "भीमाशंकर, अडव त्यांना!" 'फेंड ऑफ' लिवणारा आता सोताच तारेच्या तोंडाशी हुबा, मला काखेत धरून. पन मेंढरांना कुठलं विंग्रजी? ती त्याच्या दोन्ही अंगानं पाण्याकडं धावली. धक्क्यानं मी चिखलात पडले. एका मेंढीचा खूर अजून माझ्या डाव्या पानावर हाय. माझ्यातलं तेवढंच एक खरं अक्षर.

मेंढरं कोंडवाड्यात गेली, धुळा चौकीवर. मला चिखलातनं उचलून भीमाशंकर धापा टाकत कोंडवाड्याच्या दाराशी बसलेल्या राजाबाईकडं आला. "आज्जी, सोडवायचा अर्ज लिवून देतो. मनापासनं लिवतो."

"नको. पोटभर प्यालीत ती. आता बसू दे." तिनं त्याच्याकडं पाठ केली.

पाच दिस ती दारातनं हलली न्हाई. सहाव्या दिशी धुळा आन कळप सुटला, नऊ मेंढरं दंडात गेली. तारेचा खांब तर दुसऱ्याच दिशी हुबा राहिला, आदीपेक्षा जाड. आन भीमाशंकरला बढती मिळाली, विंग्रजी चांगलं म्हणून. त्यानं नवी वही घेतली, मला माळ्यावर टाकलं.

मित्रांनो, वह्या कोरड्या ठेवा, जपून वापरा, एवढंच सांगून गप बसले असते. पन राग जात न्हाई. शब्द शिका, लई शिका. फकस्त 'पुढं बघू' असं लिवायच्या आदी मान वर करा आन दारात कोण तहानलेलं हाय ते बघा. आन बघूनबी लिवणार असाल, तर निदान त्याचा अर्ज लिवून देऊ नका.