तुमच्यासाठी सुचवलेलं

चंपतरावांनी कॉम्प्युटरला कधी नाही म्हटलं नाही. पडद्याच्या कोपऱ्यात चौकोन यायचा, 'नवीन अपडेट तयार आहे, आता करू का?' आणि चंपतराव शांतपणे 'नंतर' दाबायचे. वर्ष-दीड वर्ष हा प्रकार चालला होता. तेलंगणातल्या तामसीच्या बसथांब्यासमोर त्यांचं फोटो आणि झेरॉक्सचं दुकान. पासपोर्ट फोटो, लग्नाचे बायोडेटा, वाढदिवसाचे फ्लेक्स, श्रद्धांजलीचे फ्लेक्स. चारही कामं एकाच फोटोवर उरकलेली गिऱ्हाइकंही गावात होती. चालत्या वस्तूला छेडू नये, हे चंपतरावांचं तत्त्व. हृदयानं मात्र त्यांना आधी विचारलं नाही.

ते गेल्यावर श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी फोटो हवा म्हणून त्यांच्या मुलीनं, चंचलनं, दुकान उघडलं. कॉम्प्युटर सुरू केला तर तोच चौकोन पुढ्यात. पण 'नंतर' हे बटण आता त्यात नव्हतं. 'आता' आणि 'लवकरच' अशी दोनच होती. बाबांच्या वाट्याचे 'नंतर' संपले असावेत. चंचलनं 'लवकरच' दाबलं आणि पडदा लगेच काळा झाला.

बराच वेळ गोल चक्र फिरत राहिलं. मग यादी आली. काही छोटे बदल केले आहेत. खिडक्यांचे कोपरे आता अधिक गोलसर आहेत. घड्याळात सेकंद दिसतील. तुम्ही जवळ आलात की पडदा आपोआप उजळेल. तुम्हाला काय हवं आहे हे तुमच्या सवयीवरून आम्हीच सुचवू. तुमच्या काही निवडी आम्ही पूर्ववत केल्या आहेत.

चंचलनं 'समजलं' दाबलं. दुसरं बटणच नव्हतं.

दहाव्या दिवशी पैनगंगेच्या काठी पिंड ठेवला. समोरच्या बाभळीवर कावळा होता. तो बसून राहिला.

चंपतरावांचे धाकटे भाऊ भूषण हात जोडून पुढे झाले. "दादा, वहिनीले काई कमी पडू देणार नाई."

कावळ्यानं पंख खाजवला.

"दादा, दुकान बंद नाई पडू देणार."

कावळ्यानं नदीपलीकडे, महाराष्ट्राकडे पाहिलं.

"तुही इच्छा काय हाय, सांग ना रे चंपत," चंपतरावांची थोरली बहीण सोजरबाई रडवेल्या आवाजात म्हणाली. सोजरबाई घरातली मोठी. तिच्या रडण्यातसुद्धा हुकूम असे.

चंचल मागे आईजवळ उभी होती. हैदराबादला एमेस्सीची जागा मिळालेली होती, तेरवीनंतरच्या सोमवारी हजर व्हायचं होतं. हे घरात फक्त बाबांना माहीत होतं. 'जा तू, बाकीच्यायले मी पाह्यतो,' असं म्हणून ते बाकीच्यांना न पाहताच गेले. ती हळूच पुटपुटली, "बाबा, मी शिकायले जाते. तुमी जा म्हटलं होतं."

कावळा खाली उतरला. पिंडाच्या दिशेनं दोन उड्या मारल्या. एवढ्यात भूषणकाकांचा मोबाइल वाजला. वाजला म्हणजे एक तेलुगू सिनेमातलं गाणं ढोलासकट सुरू झालं. कावळा उडाला तो दिसेनासा झाला. रिचार्ज संपत आल्याची सूचना होती. सगळे काकांकडे रागानं पाहत होते, त्यामुळे कावळा कोणाच्या बोलण्यावर उतरला होता ते चंचलशिवाय कोणी पाहिलं नाही.

गुरुजींना पुढच्या गावात दुसरा दहावा होता. त्यांनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला आणि धोतर सावरत मोटारसायकलवर मागे बसले. मंडळी घरी आली. चंपतरावांचं काहीतरी राहिलं होतं. आता काय ते शोधणं आलं.

दुसऱ्या दिवशी तेरवीच्या मोठ्या फोटोसाठी सगळे दुकानात आले. सोजरबाई, भूषणकाका, चंचल आणि तिची आई रंजीता. शटर अर्धंच वर केलेलं, आत अंधार. सोजरबाई पहिली आत शिरली, काउंटरपर्यंत गेली, आणि पडदा उजळला.

भूषणकाकांनी मोठ्यानं वाचलं. "परत स्वागत आहे, चंपतराव. जिथं थांबला होतात तिथून पुढे सुरू करा."

रंजीता गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली. फोटोसाठी माणसं बसतात तशी, ताठ.

"आत्या, तो कॅमेरा हाय," चंचल म्हणाली. "पडद्यावरचा. माणूस जवळ आला का त्याले समजते."

"कॅमेरा आधी नोता का व?"

"होता."

"मंग आधी काऊन नोता पेटत?"

"अपडेट झालं ना आत्या."

"कवा झालं?"

खोटं सांगावं असं चंचलला पहिल्यांदा वाटलं, पण सवय नव्हती. "बाबा गेल्यावर."

सोजरबाईनं सगळ्यांकडे वळून पाहिलं. पुराव्याला आणखी काही लागत नव्हतं.

पडद्यावर मधोमध 'तुमच्यासाठी सुचवलेलं' असं लिहिलेलं होतं, आणि खाली एक फोटो. निळ्या पडद्यासमोर कोट घातलेला माणूस. चेहरा तामसीचा, रंग काश्मीरचा.

"हा तं खताच्या दुकानाचा खुशाल!" भूषणकाका म्हणाले.

खुशालबद्दल वाईट बोलावं असं कोणाकडे काही नव्हतं, चांगलं बोलावं असंही नव्हतं. पस्तिशी ओलांडली होती. मुलगी पाहायला जाण्याआधी तो दरवेळी नवा फोटो काढून घ्यायचा. नकार आला की म्हणायचा, "चंपतभाऊ, जरा केस दाट करा." पुढच्या नकाराला रंग उजळ व्हायचा, त्याच्या पुढच्याला कोट चढायचा. नकार येत राहिले आणि खुशाल सुंदर होत राहिला.

"आत्या, ते मशीन हाय," चंचल घाईनं म्हणाली. "जे जास्त वेळा उघडलं तेच ते वर दाखवते. बाबा खुशालचा फोटो घडीघडी उघडत होते, म्हणून…"

तिला बोलता बोलताच कळलं, पण वाक्य सुटून गेलं होतं.

सोजरबाईनं पदर तोंडाला लावला. "ऐकलं का भूषण? बाप घडीघडी त्याचाच फोटो पाहे! पोरीसाठी पाहे, अन् कोणाले बोलला नाई. मायबाई, म्हणूनच नाई शिवला कावळा!"

"दादाचा सभावच तसा," भूषणकाका म्हणाले. "सगळं नंतर."

"अन् वर्षाच्या आत कार्य झालं तं झालं. नाईतं तीन वर्सं थांबा. सोजरबाईचं ऐकते कोण?"

सगळे ऐकत होते.

"आई, तू तरी सांग ना व," चंचल म्हणाली.

रंजीता पडद्याकडे पाहत होती. "नाव किती चांगलं घेते ते," ती म्हणाली. "चंपतराव."

त्या संध्याकाळपासून रंजीता दुकानात चहाचा कप नेऊन ठेवू लागली. ती जवळ गेली की पडदा उजळायचा, नवऱ्याचं स्वागत करायचा. थोड्या वेळानं मंदावायचा. ती थोडी मागे सरकायची आणि परत पुढे यायची.

चंचल विज्ञानाची विद्यार्थिनी. मशीन सवयीवर चालतं, तर सवय बदलू, असा तिनं विचार केला. बाराव्या दिवशी दुपारी सगळे बुंदीच्या तयारीत असताना ती दुकानात आली. सेटिंगमध्ये जाऊन सुचवणं बंद केलं. मशीननं 'ठीक आहे' म्हटलं, आणि पुन्हा सुरू केल्यावर पूर्ववत केलं. खुशालचा फोटो पुसून टाकणं सोपं होतं. पण गिऱ्हाइकाचा फोटो पुसायचा नाही, हा बाबांचा नियम. कोण कधी मरेल सांगता येत नाही, आणि मग लोक फोटो कुठं शोधणार? तिनं तो उघडला, दुसऱ्या जागी ठेवला. अजून वरच. पुन्हा उघडला, आणखी आत कुठंतरी ठेवला.

मग तिनं स्वतःचा फोटो शोधून काढला. कॉलेजच्या ओळखपत्रासाठी बाबांनी काढलेला, निळ्याच पडद्यासमोरचा. तो तिनं उघडला, बंद केला, उघडला, बंद केला. भाजी निवडल्यासारखं तेच काम किती तरी वेळ. उद्या आत्याला हा दिसेल, आणि मग सांगता येईल, पाहा, बाबांना माझं कॉलेज पाहिजे होतं. खोट्याला खोटं. मधूनमधून खुशालचा फोटो गेला का ते उघडून पाहत होती.

निघताना पडद्यावर छोटा चौकोन आला. 'तुमच्या सवयी आम्हाला आता अधिक चांगल्या समजल्या आहेत.'

तेरवीच्या सकाळी सोजरबाईनं अर्धा गाव दुकानापुढे जमवला. अगरबत्ती लावून कीबोर्डजवळ खोचली होती. मग सोजरबाई पुढे झाली. पडदा उजळला, चंपतरावांचं स्वागत झालं, आणि खाली फोटो आले.

दोन. शेजारी शेजारी. एकाच निळ्या पडद्यासमोर खुशाल आणि चंचल. खाली एक ओळ होती, ती वाचायला भूषणकाकांना चष्मा लावावा लागला.

"तुम्ही हे दोघं एकत्र पाहता."

पहिल्यांदा हात जोडले ते पलीकडच्या पानटपरीवाल्यानं, आणि तो चंपतरावांना जन्मभर शिव्या देत आला होता.

"हे मी केलं!" चंचल ओरडली. "काल दुपारी! मीच उघडून राह्यली होती दोन्ही!"

"तुयाच हातून करून घेतलं त्यानं," सोजरबाई मायेनं म्हणाली. "येडी व माही. दुसऱ्याच्या हातून कसा करून घेईन?"

पान वाढून दुकानाच्या टिनाच्या छपरावर ठेवलं. भात, वडा, बुंदी. भूषणकाकांनी आज मोबाइल घरी ठेवला होता. त्यांनी हात जोडून वर पाहिलं. "दादा, तुह्या मनातलं समजलं. चंचलचं खुशालशी जमवून देतो. वर्षाच्या आत."

टिनावर नखं वाजली. एक कावळा, मग दुसरा, मग वड्याचा वास लागलेली सगळी जमात. लोक निश्चिंत होऊन जेवायला वळले. खुशाल मंडपात बुंदीची बादली घेऊन वाढत होता. त्याला बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मी तं नवीन फोटो सांगायले येणार होतो." पण बादली त्यानं खाली ठेवली आणि केसावरून हात फिरवला. यावेळी नकार यायची सोय नव्हती, हे त्याच्या लक्षात आलं असावं.

सोमवारी सकाळी चंचलची बॅग काउंटरखाली होती. आदिलाबादची बस यायची होती, तिथून हैदराबादची. आईचा निरोप घ्यायचा म्हणून ती दुकानात आली. रंजीता चहाचा कप घेऊन पडद्यापुढे बसली होती, आणि सोजरबाई आणि भूषणकाका पंचांग घेऊन स्टुलांवर.

"बरी आली," सोजरबाई म्हणाली. "सांग, लगीन आता धरायचं का दिवाळीले?"

"आत्या, मले आधी शिकू द्या. नंतर…"

"नंतर कवा? बापाले 'नंतर' म्हणता म्हणता काय झालं, पाह्यलं ना? आता का दिवाळीले, तेवढं सांग. आमी काई जबरदस्ती करत नाई."

बाहेर बस येऊन थांबली. कंडक्टर तेलुगूत ओरडू लागला. चंचलनं बॅग ओढली. दाराकडे वळली आणि पडद्यावर नजर गेली. ते दोघं निळ्या पडद्यासमोर बसलेले होते, कोपरे अधिक गोलसर केलेले. बाबांचं नाव वर. आई त्या नावाकडे पाहत होती, चंचलकडे नाही. हे असं सोडून गेलं तर मागं काय काय सुचवलं जाईल कोण जाणे.

ती परत फिरली, वाकली आणि दुकानातलं सगळं ज्यावर चालायचं तो भिंतीतला प्लग उपटला.

पंखा थांबला. ट्यूबलाइट गेली. पडदा तसाच राहिला. तामसीची लाइट बेभरवशाची, म्हणून बाबांनी काउंटरखाली मोठा यूपीएस बसवून घेतला होता, हे तिला आठवलं. काम मधे थांबू नये, असं ते म्हणायचे.

अंधारात यूपीएस ओरडू लागला. टूं. टूं. टूं.

रंजीता चंचलकडे वळली. "त्याइले काऊन तोडलं व?" ती म्हणाली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच रडली. "चंचल, काऊन तोडलं त्याइले?"

"नाई तुटला रंजीता. बोलून राह्यला तो," सोजरबाई म्हणाली आणि हात जोडले. "ऐका."

टूं. टूं.

बाहेर बसनं हॉर्न दिला. चंचल आईजवळ गुडघ्यांवर बसली, तिच्या हातातला कप सोडवून घेतला. दुसरा हॉर्न आला. मग बसचा आवाज बाजारापर्यंत गेला आणि त्याच्यापुढे गेला.

भूषणकाकांनी वाकून प्लग परत लावला.